डाय स्फोटक आहे का? आधी सांगा, कुठल्या टप्प्यावरचा

या महिन्याच्या पत्रांत डाय-कारखाने आणि डाईंग हाऊस यांचे प्रश्न जास्त आहेत. बहुतेकांचा सूर एकच: 'आमचा अमुक डाय स्फोटक आहे का, हो की नाही ते सांगा.' नुसत्या नावावरून तसं सांगता येत नाही. एकच डाय फिल्टर प्रेसमधला ओला केक असतो तेव्हा निरुपद्रवी असतो. तोच सुकवून दळला की हवेत भडकू शकतो, आणि मीठ मिसळून विक्रीचा माल झाला की पुन्हा बराच मवाळ होतो. म्हणून उत्तरं देताना जिथे जिथे टप्पा महत्त्वाचा आहे तिथे तो सांगितला आहे.

प्रश्न : आमचा छोटा कारखाना आहे, अ‍ॅझो वर्गातले डिस्पर्स डाय बनवतो. परदेशी गिऱ्हाइकाने 'माल स्फोटक नाही याचा पुरावा द्या' असं कळवलं आहे. आमच्या सुरक्षा-पत्रकात 'स्फोटकता : लागू नाही' असं छापलेलं आहे, पण ते कशाच्या आधारावर लिहिलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू? — उत्पादन व्यवस्थापक, तारापूर

ते वाक्य बहुधा दुसऱ्या कुणाच्या पत्रकातून उतरवलेलं असणार. आपल्याकडे ही पत्रकं अशीच फिरतात. ते बाजूला ठेवा आणि गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते विचारा, कारण 'स्फोटक' या एका शब्दात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, डायचा रेणूच अस्थिर आहे का, म्हणजे हवा नसतानाही तापवल्यावर, ठोकल्यावर तो फुटेल का? दुसरा, त्याची बारीक भुकटी हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर भडका उडेल का? तिसरा, मोठ्या ढिगात किंवा ड्रायरमध्ये बराच वेळ गरम राहिला तर तो आतून तापत जाईल का? तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत. एकीत पास झाला म्हणून दुसरीत होईलच असं नाही.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात कागदावरच होते. रेणूचं चित्र काढा आणि त्यात नायट्रो, अ‍ॅझो, डायअ‍ॅझो, अझाइड, पेरॉक्साइड असे गट आहेत का ते पाहा. इंडिगोत यातला एकही गट नाही. त्यामुळे तिथे पहिला प्रश्न जवळजवळ तिथेच संपतो (दुसरा संपत नाही, इंडिगोही सेंद्रिय भुकटीच आहे). तुमच्या मालात अ‍ॅझो आहेच, नायट्रोही असेल तर पुढची पायरी ऑक्सिजन बॅलन्स, म्हणजे पुरतं जळायला रेणूला स्वतःतला ऑक्सिजन किती कमी पडतो त्याचा आकडा. कार्बनची संख्या दुप्पट करा, तीत हायड्रोजनची निम्मी संख्या मिळवा, ऑक्सिजनची संख्या वजा करा, आलेल्या आकड्याला १६०० ने गुणून रेणुभाराने भागा आणि पुढे उणे चिन्ह लावा.

डिस्पर्स रेड १ घेऊ. कार्बन १६, हायड्रोजन १८, नायट्रोजन ४, ऑक्सिजन ३, रेणुभार ३१४.३. म्हणजे ३२ अधिक ९ वजा ३, झाले ३८. त्याला १६०० ने गुणून ३१४.३ ने भागलं की उत्तर येतं उणे १९३. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेत ऑक्सिजन असलेल्या स्फोटक गटांसाठी उणे २०० ही रेघ आहे. उत्तर त्याच्याही खाली गेलं, म्हणजे उणे २२० वगैरे आलं, तर स्फोटक वर्गाच्या पुढच्या चाचण्यांतून सूट मिळते. डिस्पर्स रेड १ ला ती सूट सात अंकांनी हुकते. तुलनेसाठी पिक्रिक आम्ल पाहा, ते येतं उणे ४५. हे पिक्रिक आम्ल एके काळी रेशीम पिवळं रंगवायला वापरत आणि पुढे तोफगोळ्यांत भरलं गेलं, म्हणजे 'डाय' हे नाव काही संरक्षण देत नाही. उलट, उणे १९३ म्हणजे डिस्पर्स रेड १ बॉम्ब आहे असंही नाही. अर्थ एवढाच, की कागदावर सुटका नाही, मोजावं लागेल. सल्फोनेट गट आणि सोडियम असलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह किंवा अ‍ॅसिड डायसाठी हे गणित धड लागू पडत नाही, तिथे थेट मोजमापाकडे जा.

मोजमाप म्हणजे डीएससी (डिफरेन्शियल स्कॅनिंग कॅलरीमेट्री). काही मिलिग्रॅम नमुना छोट्या कुपीत ठेवून ठरावीक वेगाने, साधारण मिनिटाला ५ अंश, तापवत न्यायचा आणि कुठे किती उष्णता बाहेर पडते ते पाहायचं. इथे एक चूक सर्रास होते. कॉलेजच्या किंवा फार्माच्या प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियमची उघडी किंवा भोक पाडलेली कुपी वापरतात. त्यात पदार्थ उडून जातो, उडताना उष्णता शोषतो आणि विघटनाचा उंचवटा दिसतच नाही किंवा अर्धाच दिसतो. उच्च दाब सोसणारी बंद कुपी, शक्यतो सोन्याचा मुलामा दिलेली, असंच सांगून नमुना द्या. रिपोर्टमध्ये कुपीचा प्रकार लिहिलेला नसेल तर त्या आलेखाची किंमत शून्य धरा.

आता आकडे. विघटनाची ऊर्जा ग्रॅममागे ५०० ज्यूलपेक्षा कमी आणि विघटनाची सुरुवात ५०० अंशांच्या आत असेल, तर स्फोटक वर्गाच्या चाचण्या लागत नाहीत. ३०० ज्यूलपेक्षा कमी असेल तर 'स्वयं-विघटनशील' वर्गातूनही सुटका होते. ती ३०० च्या वर गेली, तर ५० किलोच्या पॅकिंगमध्ये माल किती तापमानाला आपोआप विघटन सुरू करतो ते पाहावं लागतं, आणि ते ७५ अंशांच्या वर असलं पाहिजे. पण ५०० च्या आत आलं म्हणून हुश्श करू नका, ही सूट फक्त वाहतुकीच्या वर्गवारीपुरती आहे. ५०० ज्यूल म्हणजे काय ते पाहा: अशा भुकटीची उष्माधारिता ग्रॅम-अंशामागे १.५ ज्यूलच्या आसपास धरली, तर बाहेर जायला वाट नसलेला माल ३३० अंशांनी तापतो. ड्रायरसाठी एवढं पुरेसं आहे.

'विघटन २४० ला सुरू होतं, आपण १४० ला सुकवतो, १०० अंशांचा फरक आहे, झालं' हा नियमही जपून वापरा. डीएससीतल्या काही मिलिग्रॅमला उष्णता लगेच सोडता येते, ट्रे ड्रायरमधल्या माल भरलेल्या ट्रेला येत नाही. नायट्रो गटाचे पदार्थ तर अनेकदा बराच वेळ गप्प राहून मग अचानक वेग घेतात. गंज, तांबं, उरलेला कॉस्टिक यांनी सुरुवातीचं तापमान खाली येतं. म्हणून शुद्ध नमुन्याबरोबर कारखान्यातला, गंजक्या ट्रेवरचा नमुनाही द्या. आणि एक चाचणी स्थिर तापमानाला २४ तास चालवा.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे धुरळ्यासाठी, नमुना कुठला द्यायचा यावरच निम्मं उत्तर ठरतं. विक्रीचं पाकीट फोडून देऊ नका. बॅग फिल्टरच्या तळाशी जमलेली सगळ्यात बारीक, सगळ्यात कोरडी भुकटी द्या, आणि स्टँडर्डायझेशनच्या (ठरलेल्या तीव्रतेसाठी भर घालण्याच्या) आधीचा दळलेला मालही द्या. रिअ‍ॅक्टिव्ह डायमध्ये ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) मिसळतात, ते जळत नाही, त्यामुळे तयार माल सौम्य होतो. तुमच्या डिस्पर्स डायमध्ये मात्र लिग्नोसल्फोनेट जातं, काही जण डेक्स्ट्रिन घालतात, आणि ही दोन्ही स्वतःच जळणारी आहेत. 'स्टँडर्डाइज केलं म्हणजे सुरक्षित' हे म्हणूनच डायच्या जातीनुसार खरं किंवा खोटं ठरतं.

पूर्ण संचाला एक-दोन किलो माल लागतो. पैसे एकदम खर्च करायचे नसतील तर क्रम असा ठेवा: आधी डीएससी, मग हार्टमन नळीत (काचेच्या उभ्या नळीत भुकटी उडवून ठिणगी द्यायची) 'पेटतो की नाही' एवढंच, मग थराची ज्वलन-चाचणी. या तिसऱ्या चाचणीत भुकटीची छोटी रांग तापलेल्या प्लॅटिनम तारेने पेटवून १ ते ६ असा वर्ग देतात: १ म्हणजे पेटतच नाही, ४ म्हणजे निखारा पुढे सरकतो, ६ म्हणजे भुर्रकन जळून जातं. साधारण तापमानाला २ आलेला डाय १०० अंशांना ५ येऊ शकतो, म्हणून दोन्हीकडे करून मागा. यांत काही सापडलं तरच २० लिटरच्या बंद गोलात भुकटी पेटवून दाब मोजण्याची महागडी चाचणी. आणि मेणबत्तीवर भुकटी फुंकून 'पाहू या' असं गोडाऊनमध्ये कुणी करत असेल तर त्याला आजच थांबवा.

प्रश्न : आमच्या डायचा रिपोर्ट आला. कमाल दाब ८.१ बार, केएसटी १४२, किमान प्रज्वलन ऊर्जा १० ते ३० मिलिज्यूल, धुरळ्याचं प्रज्वलन तापमान ४८०, थराचं २९० अंश. 'एसटी-१, कमी तीव्रता' असा शेरा आहे. म्हणजे निश्चिंत राहायचं का? — देखभाल अभियंता, महाड

केएसटी म्हणजे स्फोटात दाब किती झपाट्याने चढतो त्याचा आकडा. एसटी-१ म्हणजे केएसटी २०० पर्यंत, एसटी-२ म्हणजे ३०० पर्यंत आणि त्यापुढे एसटी-३. साखरही एसटी-१ मध्येच येते. २००८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात धुरळ्याच्या स्फोटांनी १४ माणसं मेली. 'कमी तीव्रता' हा शेरा फक्त स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी वाट, म्हणजे व्हेंट पॅनेल, किती मोठी लागेल हे काढण्यापुरता आहे. ८.१ बार दाब पत्र्याच्या बॅग फिल्टरला काय, बहुतेक भांड्यांनाही झेपत नाही.

तुमच्या कामाचा पहिला आकडा तापमानाचा. विजेच्या उपकरणाचा पृष्ठभाग किती तापू द्यायचा यासाठी दोन हिशेब करतात आणि त्यातला कमी आकडा धरतात. धुरळ्याच्या तापमानाची दोनतृतीयांश: ४८० चे ३२०. थराच्या तापमानातून ७५ वजा: २९० वजा ७५, म्हणजे २१५. मर्यादा २१५. त्यावर टी १३५ अंश असा शिक्का असलेली मोटर आरामात बसते. पण थराची चाचणी ५ मिलिमीटर जाडीवर होते. मोटरच्या पंख्याच्या जाळीवर तुमच्याकडे ३ सेंटिमीटर डाय साचलेला असेल तर तो २९० चा आकडा विसरा. थर जाड झाला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि बऱ्याच कमी तापमानाला तो धुमसायला लागतो. स्टीम लाइनच्या फ्लँजवर, ब्लेंडरच्या बेअरिंगवर, ट्यूबलाइटच्या आडव्या पट्टीवर हात फिरवून बघा.

दुसरा आकडा १० ते ३० मिलिज्यूल. माणसाच्या अंगाची विद्युतधारिता साधारण २०० पिकोफॅरड. रबरी चपला घालून प्लास्टिकच्या फरशीवर काम करणाऱ्या माणसावर १० किलोव्होल्ट सहज चढतात. धारितेच्या निम्म्याला व्होल्टेजच्या वर्गाने गुणलं की येतात १० मिलिज्यूल. तुमच्या मर्यादेच्या अगदी तोंडाशी. म्हणून चार्जिंग हॉपरपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला अँटिस्टॅटिक बूट हवेतच, रोध एक लाख ते दहा कोटी ओहमच्या दरम्यानचे. आणि त्याच्या पायाखाली रबरी मॅट अंथरली की बुटांचा उपयोग संपतो. हा घोळ फार ठिकाणी होतो. धातूचा ड्रम, फनेल, होजवरचा क्लँप, फिल्टर बॅगच्या आतला पिंजरा, सगळ्यांचं अर्थिंग मीटर लावून तपासा, १० ओहमच्या आत आलं पाहिजे. नुसता क्लँप लटकलेला दिसला म्हणजे अर्थिंग झालं असं नव्हे, ड्रमवरच्या रंगाखाली तो पोचलेलाच नसतो. प्रयोगशाळेला विचारा की ऊर्जा इंडक्टन्ससह (ठिणगीच्या सर्किटमध्ये कॉइल घालून) मोजली की त्याशिवाय. इंडक्टन्ससह आलेला आकडा सहसा कमी असतो, स्थिर विजेच्या हिशेबाला त्याशिवायचा हवा.

तुमच्या रिपोर्टमध्ये एक आकडा नाही: हवेच्या घनमीटरमागे किती ग्रॅम भुकटी असली की भडका उडतो. तो मागवा. तोवर हा हिशेब करून पाहा. ढिली घनता ५०० किलो प्रति घनमीटर असलेल्या डायचा १ मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरमागे ५०० ग्रॅम. खोली ३ मीटर उंच असेल आणि एखाद्या छोट्या धक्क्याने तो सगळा थर उडाला, तर घनमीटरमागे १६७ ग्रॅम. अनेक सेंद्रिय भुकट्यांची किमान मर्यादा १०० ग्रॅमच्या आत असते. म्हणजे खोलीभर मिलिमीटरभर थर पुरतो. पहिला स्फोट यंत्रात छोटाच होतो, तो तुळयांवरचा थर खाली आणतो आणि माणसं मारणारा दुसरा असतो. कॉम्प्रेस्ड एअरने तुळया झाडण्याची पद्धत बंद करा, अर्थिंग केलेला व्हॅक्यूम वापरा.

रिपोर्टचं पहिलं पानही वाचा. नमुन्याचे कण किती मायक्रॉनचे होते, ओलावा किती होता? ७५ मायक्रॉनखालची आणि ५ टक्क्यांहून कमी ओलाव्याची भुकटी नसेल तर आकडे सौम्य येतात.

प्रश्न : पॅडल ड्रायरमध्ये नायट्रोजन सोडला तर डायचा स्फोट होणारच नाही ना? — वाचक, अंकलेश्वर

धुरळ्याचा स्फोट होणार नाही, ऑक्सिजन पुरेसा खाली आणला आणि तो मीटरवर दिसत राहिला तर. पण काही अ‍ॅझो आणि नायट्रो डायच्या भुकट्यांना एक वेगळी खोड असते. ढिगाच्या एका कोपऱ्याला उष्णता लागली की तिथलं विघटन पुढच्या थराला तापवतं, त्याच्याने त्याच्या पुढचा तापतो, आणि आघाडी सगळ्या ढिगातून सरकत जाते. याला हवा लागतच नाही. नायट्रोजनमध्ये ती तितक्याच आरामात पुढे जाते, गॅसचा लोंढा निघतो आणि भांड्याचं झाकण उडतं. उभ्या काचेच्या नळीत भुकटी भरून एका टोकाला तापलेला ठोकळा किंवा कॉइल लावून हे तपासतात: आघाडी विझते की दुसऱ्या टोकापर्यंत पोचते? पोचली तर नायट्रोजनवर भिस्त ठेवू नका.

अशा मालाला उष्णतेचा एकही ठिपका मिळू द्यायचा नाही. शाफ्टचं बेअरिंग आणि ग्लँड भांड्याच्या बाहेर आणि तापमापकासह, भरण्याआधी चुंबक आणि चाळणी (सुटा नट पॅडल आणि भिंतीच्या मध्ये अडकून घासला की तोच ठिपका), जॅकेटमध्ये दाबाची वाफ नको, गरम पाणी चालत असेल तर तेच. विझवायचं तर पाण्यानेच, आणि भरपूर. नोझल आधीपासून बसवलेली हवी. आग लागल्यावर मॅनहोल उघडून होज आत घालायला जाणारा माणूस परत येईलच असं नाही. व्हेंटचं माप धुरळ्याच्या सूत्राने काढू नका, इथे गॅस किती आणि किती वेगाने निघतो ते वेगळं मोजावं लागतं.

स्प्रे ड्रायरवाल्यांना जाता जाता: तुमच्याकडे धोका छताच्या कडेला गरम हवेजवळ चिकटलेल्या पोपड्यात असतो. तो दिवसेंदिवस भाजत राहतो, आतून धुमसतो आणि एक दिवस निखारा होऊन सायक्लोनमार्गे बॅग फिल्टरमध्ये जाऊन पडतो.

प्रश्न : आमचं छोटं डाईंग हाऊस आहे. कलर किचनमध्ये रिअ‍ॅक्टिव्ह डायच्या २५ किलोच्या पिशव्या उघडून वजन करतो. स्फोटाची भीती आहे का? — वाचक, इचलकरंजी

डायची फारशी नाही. मीठ मिसळलेला, गुठळी न होता धूळ कमी उडावी म्हणून बऱ्याचदा तेलाचा हात दिलेला माल असतो, आणि तुम्ही एका वेळी काही किलो काढता. रिअ‍ॅक्टिव्ह डायच्या धुळीने दमा होतो, ती भीती खरी आहे. मास्क आणि वजनकाट्यामागे ओढ पंखा त्यासाठी हवा.

तुमच्याकडे लक्ष ठेवायचं ते हायड्रोच्या, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटच्या, ड्रमवर. त्याला थोडंसं पाणी लागलं की ते स्वतःच तापतं, सल्फर डायऑक्साइड सोडतं आणि शेजारचा कागद, पिशव्या पेटवतं. ओला स्कूप, गळकं छप्पर, फरशी धुताना उडालेलं पाणी, एवढं पुरतं. ड्रम लाकडी पॅलेटवर नको, झाकण प्रत्येक वेळी लावा, स्कूप कोरडा आणि फक्त हायड्रोचा, आणि पेरॉक्साइड किंवा क्लोराइटची साठवण दुसऱ्या खोलीत. ड्रम गरम लागायला लागला तर तांब्याभर पाणी ओतणं सगळ्यात वाईट. जमलं तर लगेच उघड्यावर नेऊन ठेवा, धूर सुरू झाला असेल तर माणसं बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला 'हायड्रो आहे' हे फोनवरच सांगा. थोड्या पाण्याने ते भडकतं, म्हणून पाणी मारायचं तर पुराच्या पाण्यासारखं मारावं लागतं, आणि ते काम त्यांचं.

प्रश्न : रंगांच्या कार्यक्रमात उधळतात ती पावडर पेटते म्हणतात. मग डायमुळे की कशामुळे? — वाचक, पुणे

स्टार्चमुळे. त्या पावडरीत बहुतेक भाग मक्याचा स्टार्च असतो, रंग नावापुरता. २७ जून २०१५ ला तैवानमध्ये न्यू तैपेईच्या एका वॉटर पार्कमध्ये असाच रंगीत स्टार्च यंत्राने प्रेक्षकांवर उडवला जात होता. तो पेटला, १५ माणसं दगावली आणि जखमी सुमारे ५०० होते. तिथे बंद खोली नव्हती, त्यामुळे हा स्फोट नसून धुरळ्याचा भडका होता, पण जमिनीवर पायाखाली साचलेली पावडरही जळत राहिली. पंख्याने, गॅस-सिलिंडरच्या तोफेने उडवणं, जवळ तापलेले दिवे, सिगारेट हे सगळं टाळायचं. टाल्क किंवा चुन्याच्या पायावरची पावडर जळत नाही, मात्र ती फुप्फुसाला चांगली असं कुणी समजू नये.

प्रश्न : आमचा तयार डाय सगळ्या चाचण्यांत सुरक्षित ठरला. आता १००० लिटरच्या केटलऐवजी २००० लिटरची बसवतो आहोत, रेसिपी तीच. आणखी काही तपासायचं राहिलं का? — वाचक, डोंबिवली

सगळंच राहिलं. तुम्ही तयार डाय तपासला, केटलमध्ये डाय नसतो, डाय होऊ घातलेलं मिश्रण असतं.

८ एप्रिल १९९८ ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पॅटरसन इथे मॉर्टन इंटरनॅशनलच्या कारखान्यात इंधनाला रंग देणारा ऑटोमेट यलो ९६ हा डाय बनत होता. ऑर्थो-नायट्रोक्लोरोबेंझीन आणि २-इथाइलहेक्झिलअमाइन हे दोन्ही कच्चे माल २००० गॅलनच्या केटलमध्ये एकदम भरून तापवायचे, अशी रेसिपी. आधी ही बॅच १००० गॅलनच्या केटलमध्ये होत असे. त्या दिवशी तापमान हाताबाहेर गेलं, केटलमधला माल छप्पर फोडून उडाला, ९ कामगार जखमी झाले आणि रसायनं शेजारच्या वस्तीत जाऊन पडली. चौकशीत जे निघालं ते असं: हवी ती अभिक्रिया ३८ अंशांच्या आसपास सुरू होते, ७५ च्या वर वेग घेते, आणि १९५ अंशांच्या आसपास दुसरीच, नको ती, विघटनाची अभिक्रिया सुरू होते. पहिलीला आवर घातला नाही की ती दुसरीपर्यंत नेऊन सोडते. ऑपरेटरना हा दुसरा आकडा माहीतच नव्हता. आधीच्या काही बॅचमध्येही तापमान वर गेलं होतं, पण त्याची चौकशी कुणी केली नव्हती.

तुमचा हिशेब करा. घनफळ दुप्पट झालं की त्याच आकाराच्या केटलचा पृष्ठभाग १.५९ पट होतो. म्हणजे लिटरमागे थंड करायची जागा २१ टक्क्यांनी घटली. उष्णता मात्र लिटरमागे तेवढीच निघते. छोट्या केटलला जॅकेटचं पाणी जेमतेम पुरत असेल तर मोठीला पुरणार नाही. रिअ‍ॅक्शन कॅलरीमीटरमध्ये (अभिक्रियेची उष्णता मोजणाऱ्या यंत्रात) एकदा बॅच चालवून घ्या आणि एक आकडा मागा: कूलिंग बंद पडलं तर मिश्रण जास्तीत जास्त किती तापेल? तो आकडा मिश्रणाच्या विघटनाच्या तापमानाजवळ जात असेल तर सगळं एकदम भरणं सोडा, एक घटक थेंबाथेंबाने सोडा. तोही पुरेशा तापमानाला. थंड मिश्रणात सोडलेला घटक अभिक्रिया न होता साचत राहतो आणि मग सगळा एकदम पेट घेतो. तापमान ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलं की डोसिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे, स्टरर थांबला तरी. रप्चर डिस्कचं (दाब वाढला की फुटून वाट देणाऱ्या चकतीचं) माप जुन्या केटलवरून उचलू नका.

डायअ‍ॅझोटायझेशन (अमाइनवर नायट्राइटची क्रिया करून डायअ‍ॅझोनियम मीठ बनवणं) असेल तर आणखी एक. ० ते ५ अंश सगळे पाळतात, बर्फ टाकतात, स्टार्च-आयोडाइड कागद लावतात, उरलेलं नायट्राइट सल्फॅमिक आम्लाने मारतात. केटलच्या गळ्यावर, मॅनहोलच्या गॅस्केटखाली, डोसिंग पाइपच्या आट्यांमध्ये जे शिंतोडे उडून वाळतात तिकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. वाळलेलं डायअ‍ॅझोनियम मीठ पाना फिरवताना होणाऱ्या घासण्याने फुटतं. मोठ्या केटलमध्ये पातळी खाली-वर होण्याचा पट्टा मोठा, म्हणून हा पोपडाही जास्त. प्रत्येक बॅचनंतर माल बाहेर काढायच्या आधी गळ्याभोवती स्प्रे रिंगने पाणी सोडा, आणि फिटरला परवाना देण्याआधी तो सांधा ओला आहे का, ते हाताने नाही, डोळ्याने पाहून फॉर्मवर लिहा.